शिंगरोबाच्या दारी

बोरघाट चढायचा तो जुन्या रस्त्यानेच, असा माझ्या मित्राचा हट्ट. आणि मोटार त्याच्या वडिलांची, १९६४ सालची! खोपोली सोडली आणि इंजिनाने आचके दिले. दहा मिनिटे थांबले की सुरू होई, अर्धा मैल चाले, की पुन्हा बंद. पंप तापून पेट्रोलची वाफ झाली असणार, म्हणून मित्राने त्यावर ओले फडके गुंडाळले. गुण येईना. "पुण्याला पोचलो की भंगारात!" तो म्हणाला.

तिसऱ्यांदा थांबलो ते शिंगरोबाच्या देवळापाशी. घाटात आगगाडी आली १८६३ साली. तिची वाट इंग्रजांना या धनगराने दाखविली आणि बक्षीस म्हणून गोळी खाल्ली, असे लोक सांगतात. (वाट दाखविण्याच्या धंद्यातल्या आम्हां मास्तरांना याचे नवल नाही.)

तेथे एक वयस्क ट्रकवाले नारळ फोडीत होते. "साहेब, टाकीचं झाकण उघडा बघू."

झाकण फिरविताच फुस्सकन हवा आत शिरली. झाकणाचे बारीक भोक मातीने बुजले होते. पेट्रोल उपसले जाईल तशी बाहेरची हवा आत यायला हवी. ती येईना, आणि त्या पोकळीपुढे पंपाचे काही चालेना. थांबल्यावर फटीतून थोडी झिरपे, म्हणून तर इंजिन पुन्हा जागे होई. वाफेचे दुखणेही थांबल्यावर असेच ओसरते. रोग दोन, लक्षण एक.

टाचणीने भोक मोकळे केले. मित्राने शिंगरोबापुढे नाणे ठेवले. खंडाळ्यापर्यंत मोटार थांबली नाही, आणि भंगाराचा विषयही पुन्हा निघाला नाही.