शेकरूच्या वाटेवर : भीमाशंकर

चौकच्या बाजारपेठेतील एका व्यापारी घरी डिसेंबरच्या सुट्टीत नैरोबीहून पाहुणे आले होते. संध्याकाळच्या बैठकीत गोष्ट निघाली ती गेंड्याची. केनियातील ओल पेजेटा येथील राखीव अरण्य पाहुण्यांनी पाहिलेले होते. उत्तरेकडील पांढऱ्या गेंड्याचा जगातील अखेरचा नर ‘सुदान’ तेथेच १९ मार्च २०१८ रोजी मरण पावला. आता त्या उपजातीच्या नाजिन आणि फातू या दोनच माद्या उरल्या आहेत, त्याही मायलेकी. त्यांच्याभोवती रात्रंदिवस सशस्त्र पहारा असतो, आणि तो कशासाठी, तर शिंगासाठी! आपली नखे ज्या केराटिनाची बनतात, त्याच द्रव्याचे ते शिंग. तरी त्याच्यापायी एक वंश संपत आला.

घरातील आजोबांना गेंडा परका नव्हता. अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ यांचे लांछन गेंडाच. आसामातील काझीरंगाही त्यांनी ऐकून माहीत होते. परंतु पाहुण्यांपैकी धाकट्या मुलीने विचारले, “आजोबा, तुमच्या इथे एका प्राण्यासाठी राखलेले जंगल नाही का?” तेव्हा मंडळी क्षणभर गप्प झाली. असे जंगल आहे, आणि त्याचा एक भाग कर्जत तालुक्यातच येतो, हे आठवायला थोडा वेळ लागला.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले, ते मुख्यतः शेकरूसाठी. क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर; पुणे जिल्ह्यातील आंबेगाव व खेड, ठाण्यातील मुरबाड आणि रायगडातील कर्जत एवढ्या तालुक्यांत ते पसरलेले आहे. ज्योतिर्लिंगामुळे हे नाव सर्वांना ठाऊक असते. अभयारण्याची पाटी मात्र बहुतेकांच्या गाडीच्या काचेमागून निघून जाते.

दुसऱ्या दिवशी पहाटे घरातून दोन वाटा फुटल्या. तरुण मंडळी कर्जत, कशेळेमार्गे खांडसला गेली आणि तेथून गणेश घाटाने चढू लागली. वडीलधारे मोटारीने खंडाळा चढून, चाकण-राजगुरुनगरला वळसा घालून निघाले. कर्जतच्या माथ्यावरचे रान, पण चाकांवरून तेथे पोहोचायचे तर पुणे जिल्ह्याची अर्धी प्रदक्षिणा! खांडसहून शिडी घाटाचीही वाट आहे. ती जवळची असली तरी लोखंडी शिड्यांची आणि उभ्या कड्याची, म्हणून नवख्यांना गणेश घाटच बरा. पदरगड उजेडात येईपर्यंत तरुणांच्या अंगावरचे स्वेटर उतरले होते. मधल्या सपाटीवर, ज्याला या भागात पदर म्हणतात, दोन्ही वाटा एकत्र येतात आणि मग शेवटचा चढ सुरू होतो.

माथ्यावर मंदिरात दर्शन घेऊन सारे गुप्त भीमाशंकरच्या पायवाटेला लागले. बरोबर एक महादेव कोळी वाटाड्या होता. येथले रान फार उंच नाही, पण दाट आहे. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या; दुपारी बाराला खाली संध्याकाळ वाटावी. हिरड्याचे झाड दिसताच आजोबा थांबले. हिरड्याची पोती त्यांच्या लहानपणी दुकानात येत. रंगाला, कातड्याला, औषधाला जाणारा हा माल डोंगरातील माणसे गोळा करतात एवढे त्यांना माहीत होते. झाड मात्र ते प्रथमच पाहत होते.

मग वरून खडखडाटासारखा कर्कश आवाज आला. वाटाड्याने बोट केले. तांबूस-तपकिरी पाठ, फिकट पोट आणि अंगाहून लांब झुपकेदार शेपूट. शेकरू ही खारच, पण वजन दीड-दोन किलोपर्यंत, शेपटीसह लांबी जवळजवळ मीटरभर. ती जमिनीवर क्वचितच उतरते. जगणे सारे झाडावर: फळे, बिया, फुले, साल. (किडे आणि पक्ष्यांची अंडीही ती कधीकधी खाते, हे ऐकून बायकांचा चेहरा जरा उतरला, पण प्राण्याला आपली व्रते लावण्यात अर्थ नाही.) काटक्या-पानांची गोल घरटी ती एक नव्हे, अनेक बांधते. सहा मीटरपर्यंतची झेप घेते, पण त्यापलीकडे तिलाही जमत नाही.

येथेच गेंडा आणि शेकरू यांतला फरक पाहुण्यांच्या ध्यानात आला. गेंड्याला कुंपण घालता येते, शिपाई नेमता येतो. शेकरूला हवे असते सलग छत. कोणी तिच्यावर शस्त्र उगारले नाही, नुसती रस्त्यासाठी, दुकानासाठी, गाड्या उभ्या करण्यासाठी मधली चार झाडे गेली, तरी तिची वाट तुटते. आणि ती दुकाने व गाड्या शिकाऱ्यांच्या नव्हेत, दर्शनाला येणाऱ्यांच्या असतात.

शेकरू फांदीच्या टोकाशी आली आणि थबकली. पुढे पायवाटेच्या रुंदीकरणाने पडलेली मोकळी जागा होती. काकूंनी जीवदयेच्या सवयीने पिशवीतून शेंगदाण्यांची पुडी काढली. वाटाडी हळूच म्हणाला, “नका टाकू, काकू. दाण्याच्या ओढीनं खाली उतरायला लागली, तर कुत्री सोडायची नाहीत तिला.”

काकूंनी पुडी परत पिशवीत ठेवली. आजवर चिमण्या-कबुतरांना दाणे घालून मिळणारे समाधान येथे हात आवरून घ्यायचे होते, आणि ते काही सोपे गेले नाही.

शेकरूने दोनदा अंतर अजमावले. मग मागे वळून, पाच-सहा झाडांचा फेरा घेऊन, वरच्या अंगाला जेथे दोन जांभळींच्या फांद्या भिडल्या होत्या तेथून ती पलीकडे गेली. नैरोबीची मुलगी तेवढा वेळ मोबाइल हातात धरूनही चित्रण करायचे विसरली होती.

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे म्हणून मोटार लवकर निघाली. आजोबांनी वाटाड्याला बाजूला घेऊन विचारले, यंदा हिरड्याला काय भाव मिळाला. उत्तर ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत.