यादीबाहेरची कादंबरी

मराठीच्या एक निवृत्त प्राध्यापिका काही महिन्यांसाठी न्यू जर्सीत मुलीकडे राहावयास गेल्या, तेव्हा त्यांची नात बारावीत होती. शाळेत तिने ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ योजनेतील इंग्रजी साहित्य हा विषय घेतला होता. शालेय वयातच महाविद्यालयीन तोडीचा अभ्यास करवून घेणारी ही योजना ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्था १९५५पासून चालवीत आहे.

बाईंनी साहजिकच नेमलेल्या पुस्तकांची यादी मागितली. तशी सक्तीची यादी नव्हतीच. साहित्यकृती शिक्षकांनी निवडावयाच्या. परीक्षेत वस्तुनिष्ठ प्रश्नांनंतर १२० मिनिटांत तीन निबंध लिहावयाचे: एक समोर दिलेल्या कवितेवर, एक गद्य उताऱ्यावर आणि तिसरा विद्यार्थ्याने स्वतःच्या वाचनातून निवडलेल्या कृतीवर, तोही पुस्तक हाताशी नसताना. कथानक सांगून भागत नाही. सहांपैकी एक गुण समर्थन करता येईल अशा प्रतिपादनाला, चार पुरावा व विवरणाला आणि उरलेला एक विचारातील व्यामिश्रतेला.

बाईंनी तीस वर्षे टिपणे उतरवून दिली होती. परीक्षेत त्यांचीच वाक्ये त्यांच्याकडे परत येत आणि त्या त्यांना गुण देत. (हे एकट्या त्यांच्याच बाबतीत घडले असे नव्हे.)

नातीला तिसऱ्या निबंधासाठी ‘कोसला’ हवी होती. नेमाड्यांची १९६३ची ही कादंबरी तिने १९९७च्या ‘ककून’ या इंग्रजी अनुवादातून वाचली होती.

“तपासणाऱ्याने वाचलीच नसेल तर?”

“मग माझ्या निबंधातूनच त्याला ती दिसली पाहिजे, आजी.”

बाईंनी उत्साहाने स्वतःच्या टिपणांचा इंग्रजी गोषवारा करून दिला. नातीने दोन पाने वाचून तो परत केला. “यात तुला काय वाटलं, ते कुठे आहे?” बाईंना राग आला. नंतर मात्र त्या बराच वेळ ती पाने चाळत बसल्या.

अर्थात स्वतःचे मत मांडण्याचाही साचा होऊ शकतो, हे बाईंच्या मुरलेल्या नजरेतून सुटले नाही. नातीच्या सरावाच्या प्रत्येक निबंधाचे पहिले वाक्य एकाच घाटाचे होते. कृती कोणतीही असो, ‘जरी’ने आरंभ आणि ‘तरी’ने उलट वळण. व्यामिश्रतेचा गुण मिळविण्याची ही युक्ती वर्गात सर्वांनाच अवगत झाली होती. ‘कोसला’वरही तिने लिहिले होते, की पांडुरंग सांगवीकरचा उपरोध हे त्याचे चिलखत आहे.

“आणि मनी जाते तेव्हा?” बाईंनी विचारले. “धाकट्या बहिणीच्या मरणाशी हे चिलखत कुठे असतं?”

नात चिडली. आधीच वेळ कमी, त्यात हा फाटा. तरीही रात्री तिने ते प्रकरण पुन्हा काढले. सकाळी पहिले वाक्य खोडलेले होते; त्याच्या जागी नवे वाक्य नव्हते, समासात तीन प्रश्न मात्र होते. त्यांतल्या एकाचे उत्तर बाईंनाही देता आले नाही. निवेदक तिथे शोक करतो आहे की शोकाची भाषाच नाकारतो आहे, असा तो प्रश्न होता. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने तो त्यांना विचारला नव्हता.

परीक्षेत विषय ‘कोसला’ला जुळणारा निघाला नाही. नातीने दुसऱ्याच कादंबरीवर लिहिले. खाडाखोड केलेले ते चार कागद बाईंनी मागून घेतले आणि परतताना आपल्या जुन्या टिपणवहीत घालून आणले.