भयपटाची नांदी

संस्कृत नाटकाच्या आरंभीं नांदी असते, आणि देवतेची स्तुति करून प्रेक्षकांस आशीर्वाद देणें व येणारीं विघ्नें दूर सारणें हें तिचें काम असतें, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळापासून मराठी संगीत नाटकानेंहि ही चाल पाळली. भुताखेतांच्या चित्रपटालाहि अशी एक नांदी असते. मात्र तिचा रोख नेमका उलटा. तेथें विघ्नाला दूर न सारतां पाट मांडून व नांवगांव विचारून सन्मानानें आंत घेतलें जातें. एकत्र कुटुंबांत लहानथोर सारीं माणसें एका खोलींत बसून असा चित्रपट पाहूं लागलीं, कीं पहिल्या दहा मिनिटांत जी शांतता पसरते ती पुढें शेवटपर्यंत कधीं येत नाहीं. पुढील दोन तास बोलणें, खाणें, उठबस हें सर्व चालतें. म्हणून आम्हांला कुतूहल आहे तें या पहिल्या दहा मिनिटांचें.

या नांदीचे नियम एखाद्या धर्मविधीइतके पक्के आहेत. पहिला नियम जुन्या पापाचा. कथा आजची असली तरी पडदा उघडतो तो पन्नास किंवा दोनशें वर्षांपूर्वींच्या काळांत; कोणा दुष्टानें घोर कर्म केलेलें असतें, मरणारा शाप देऊन मरतो, आणि मग मधलीं सारीं वर्षें एका क्षणांत ओलांडून आपण आजच्या सुखवस्तु तरुणांपाशीं येतों. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर' (१९८४) या चित्रपटांत सामरी नांवाच्या नराधमाचें मुंडकें धडावेगळें करून दोन्ही निरनिराळ्या ठिकाणीं बंदिस्त करण्यांत येतात, आणि राजाच्या वंशांतील स्त्रियांस बाळंतपणीं मरण येईल असा शाप तो देऊन जातो, तें याच जातीचें. दुसरा नियम प्रवासाचा. हॉलिवुडच्या 'ड्रॅक्युला'मध्यें (१९३१) कार्पेथियन पर्वतांतून घोडागाडी धांवते. बिमल रॉय यांच्या 'मधुमती'मध्यें (१९५८) वादळी रात्रीं दरड कोसळून रस्ता बंद होतो व प्रवाशांस जुन्या हवेलींत आसरा घ्यावा लागतो. राज खोसला यांच्या 'वह कौन थी'मध्यें (१९६४) भर पावसांत मोटार हांकणाऱ्या डॉक्टरास रस्त्यांत पांढऱ्या साडींतील एक स्त्री उभी दिसते, आणि ती गाडींत बसतांच काचेवरचे वायपर बंद पडतात.

तिसरा नियम इशाऱ्याचा. 'ड्रॅक्युला'मध्यें खानावळवाला पाहुण्यास पुढें जाऊं नका म्हणून विनवतो. कमाल अमरोहींच्या 'महल'मध्यें (१९४९) म्हातारा माळी नव्या मालकाला त्या ओसाड वाड्यांतील दोन प्रेमिकांची दुर्दैवी कहाणी ऐकवतो. हा इशारा ऐकावयाचा असतो, मानावयाचा नसतो. कारण तो मानला तर चित्रपट तेथेंच संपेल! चौथा नियम पहिल्या बळीचा. ज्याचें नांवहि आपल्याला धड कळलेलें नसतें असा कोणी चौकीदार कंदील घेऊन काळोखांत जातो. कंदील विझतो, किंकाळी ऐकूं येते, आणि त्या किंकाळीवरच चित्रपटाचें नांव झळकतें.

हे नियम उगाच रूढ झालेले नाहींत. अज्ञानांतून भीति उपजते असें आपण म्हणतों. पडद्यावर मात्र ती प्रेक्षकाच्या ज्ञानांतून उपजते. तळघरांत काय आहे हें आपल्याला ठाऊक असतें व नायकाला ठाऊक नसतें, म्हणून त्यानें किल्ली हातांत घेतली कीं आमच्या घरचीं मुलें एकदम "अरे, नको!" म्हणून ओरडतात. शिवाय नांदी ही एक प्रकारची हमीहि असते. आरंभीं भुताची ओझरती सावली दाखवून ठेवली, कीं पुढें तासभर गाणीं व विनोद यांत घालवले तरी प्रेक्षक धीर धरतो. देणें मान्य केलेल्या सावकाराला जसा धीर धरवतो तसा. पाऊस आणि काळोख यांचा तर व्यवहारी उपयोग मोठाच आहे. पावसाच्या धारांआड भिंत दगडाची आहे कीं पुठ्ठ्याची, हें कोणास दिसतें?

या काटकसरीच्या शास्त्रांत रामसे बंधू पारंगत होते. फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आलेल्या या कुटुंबांतील सात भाऊ; एकानें कॅमेरा धरावा, दुसऱ्यानें ध्वनि सांभाळावा, इतरांनीं लेखन, दिग्दर्शन व जुळवाजुळव पाहावी अशी त्यांची वांटणी असे, आणि चित्रणास निघतांना घरची मंडळीहि बरोबर असत. १९७२ सालीं 'दो गज जमीन के नीचे' या चित्रपटानें त्यांचा जम बसला. एकत्र कुटुंबपद्धतीचा इतका भुताळी उपयोग दुसऱ्या कोणीं केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. त्यांच्या 'पुरानी हवेली'मधील (१९८९) हवेली म्हणजे आमच्याच रायगडच्या किनाऱ्यावरील मुरूडचा नबाबाचा वाडा. रेवदंड्याची खाडी ओलांडून, कोर्लईचा किल्ला उजव्या हातास ठेवून, काशीदचीं सुरूचीं बनें व नांदगांव मागें टाकलें, कीं मुरूड येण्यापूर्वीं समुद्राकडे तोंड केलेला हा वाडा दिसतो. सिद्दींचें जंजिरा संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, वाडा उरला. दिवसाउजेडीं त्याच्या कमानी आणि घुमट पाहून भीति वाटावी असें तेथें कांहीं नाहीं. तरीहि आमच्याकडे उतरणारे मुंबईचे पाहुणे "तो भुताचा वाडा कोठें आहे हो?" असेंच विचारतात. दहा मिनिटांची नांदी एखाद्या वास्तूचें नांव कायमचें बदलूं शकते, ती अशी. वाडा दगडाचा, त्याला त्याचें सुखदुःख नाहीं.

वास्तविक खेळाच्या आरंभीं राक्षस आणणें हें कोंकणाला नवें नाहीं. दशावतारी खेळाच्या पूर्वरंगांत वेद चोरणारा संकासुर येतो. काळा वेष व भेसूर मुखवटा पाहून पुढें बसलेलीं मुलें आईच्या पदराआड दडतात. पण थोड्याच वेळांत तो अशा कांहीं गमती करूं लागतो, कीं तींच मुलें हंसून लोळूं लागतात, आणि मुख्य कथा सुरू होण्यापूर्वींच विष्णूच्या हातून त्याचा निकाल लागलेला असतो. भीति आधीं संपवून मग गोष्ट सांगावयाची, ही आमच्या जुन्या खेळियांची रीति. भयपट भीतीला मोकळी सोडून गोष्ट सांगतो.

अलीकडे दोन चित्रपटांनीं ही नांदी आमच्या कोंकणी ब्राह्मणाच्या अंगणांत आणून ठेवली. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'ची (२०१८) नांदी आम्हांला आजवर पाहिलेल्यांत श्रेष्ठ वाटते. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर सोन्याचा व धान्याचा लोभ धरतो. सोनें घेऊन धान्याकडे वळतांच इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. आई त्याला आपल्या गर्भांत लपवते, ती त्याची पूजा कधींहि होणार नाहीं या अटीवर. आणि तुंबाडचे लोक नेमकें त्याचेंच देऊळ बांधतात. हा हस्तर कोणत्या पुराणांतला, यावर आमच्या घरांतील वडील मंडळींत बराच खल झाला. तो कोणत्याच पुराणांतला नव्हे. ती चित्रपटकर्त्यांची निर्मिति आहे. पण इतरत्र जो पाऊस केवळ सजावटीसाठीं पडतो, तो येथें देवांचा कोप म्हणून पडतो, आणि पाप वाड्याबाहेरच्या कोणा राक्षसाचें नसून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या लोभाचें आहे. नियम तेच, पण प्रत्येकाला कारण दिलेलें आहे.

दुसरा चित्रपट आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' (२०२४). त्याची नांदी १९५२ सालच्या कोंकणांत घडते. गोट्या नांवाचा ब्राह्मणाचा मुलगा आपल्याहून वयानें मोठ्या मुलीचा ध्यास घेतो. घरचीं माणसें त्याची मुंज लावून देतात. तो रात्रीं चेटूकवाडींत जाऊन धाकट्या बहिणीचा बळी देऊं पाहतो व त्या झटापटींत स्वतःच मरतो. त्याची रक्षा झाडाखालीं पुरली जाते. पुढें चित्रपट विनोदाकडे वळतो, आणि चित्रपट म्हणून त्याच्याशीं आमचें भांडण नाहीं. आमची अडचण निराळी आहे. चौलाजवळच्या आमच्या वाडींत मुंजाचा पिंपळ आहे.

मुंज झाल्यावर व सोडमुंज होण्यापूर्वीं जो मुलगा दगावतो तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनीं गांवोगांवच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींचीं उत्तरें मागवून मोठा संग्रह केला होता. १९०९ च्या डिसेंबरांत नाटकगृहांत अनंत कान्हेरे यांच्या गोळीनें ते मारले गेल्यावर, एन्थोव्हेन यांनीं त्यांतील कोंकणचा भाग १९१५ च्या सुमारास प्रसिद्ध केला. मुंजा, गिऱ्हा, खवीस, हडळ, सारीं भुतें त्यांत हजेरीपटावर मांडल्यासारखीं सांपडतात. आमच्या वाडींतील मुंजा मात्र आम्हांला हजेरीपटावरून माहीत नाहीं. तो आमच्या आजोबांचा धाकटा भाऊ. आठव्या वर्षीं त्याची मुंज झाली आणि पुढल्याच श्रावणांत तो तापानें गेला. तेव्हांपासून दर अमावास्येस पिंपळाच्या पारावर एक दिवा लागतो, आणि घरांत मुंज निघाली, कीं अष्टवर्गाच्या आठ बटूंच्या पंक्तीस एक नववें पान मांडलें जातें.

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत सर्व मंडळी जमली असतां मुलांनीं हा चित्रपट पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून पाराकडे जाणें सोडलें. ज्याची मुंज येत्या वैशाखांत वाडींतच करण्याचें ठरलें होतें तो आमचा नातू तर मुंज मुळींच नको म्हणून हटून बसला. त्याचा युक्तिवाद बिनतोड होता: मुंजच झाली नाहीं, तर मुंजा होण्याचा प्रश्न येतो कोठें? त्याच्या आईवडिलांस पुण्यांत कार्यालय घेऊन कार्य उरकावें असें वाटूं लागलें. एका पुतण्यानें पिंपळाचीं मुळें विहिरीच्या भिंतींत शिरत असल्याचें दाखवून झाड काढून टाकण्याची गोष्ट काढली. मुळें शिरत आहेत हें खरेंच होतें. आमच्या आत्याबाईंचें वय आज अठ्ठ्याऐंशी आहे. त्या एवढेंच म्हणाल्या, "अरे, तो माझा काका आहे. त्याला राक्षस कोणीं केलें?"

रात्रीं त्यांनीं मुलांना जवळ बसवून आपल्या काकाची गोष्ट सांगितली. तिचा आरंभ जुन्या पापानें झाला नाहीं. त्याला आंब्याच्या कोयी जमवण्याचा नाद होता, संध्या पाठ होईना म्हणून तो ओसरीवर उभा राहून रडे, भिक्षावळींत मिळालेला रुपया त्यानें आपल्या थोरल्या बहिणीला दिला, असा तिचा आरंभ. मग पाऊस आला, पण तो कोणाच्या शापाचा नव्हता, श्रावणाचा होता. रस्ता पाण्याखालीं गेला होता, आणि अलिबागेहून डॉक्टर आले तेव्हां उशीर झाला होता. यांत कोणाचाहि अपराध नव्हता. आत्याबाई 'रामदास' बोटीची हकीकतहि अशीच सांगतात. १७ जुलै १९४७ रोजीं गटारी अमावास्येसाठीं घरीं निघालेल्या माणसांनीं भरलेली ती बोट भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे येतांना काशाच्या खडकाजवळ बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. आत्याबाई तेव्हां दहा वर्षांच्या होत्या. त्या कोण कोण परत आलें नाहीं तें एकेका घराच्या नांवानें सांगतात. त्यांत भूत कधीं आलें नाहीं.

आम्हांला वाटतें, भयपटाच्या नांदीचा पहिला नियम येथें अपुरा पडतो. प्रत्येक मरणामागें त्याला एक गुन्हेगार हवा असतो. त्या काळीं घरोघर लहान मुलें दगावत, आणि त्या दुःखाला गुन्हेगार सांपडत नसे. म्हणून माणसांनीं त्या मुलाला झाडावर घर दिलें, दिवा दिला, पंक्तींत पान दिलें. त्याच्याविषयीं भीति नव्हतीच असें नाहीं. पण ती आपल्या माणसाविषयींची भीति होती, आणि तिच्यांत लळा मिसळलेला होता. मुलांना भयपट दाखवूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. तीं ते पाहणारच, आणि पाहावेत. मात्र ज्या घरांत असा एखादा पिंपळ आहे, तेथील वडिलांनीं आपली गोष्ट आपल्या तोंडानें सांगावी, तिचा आरंभ दुसऱ्याच्या हातीं सोंपवूं नये.

गोष्ट संपल्यावर नातवानें विचारलें, "आत्याआजी, तो अजून तेथें असतो?" त्या म्हणाल्या, "असला तर अजून आठ वर्षांचाच असेल, बाळ. तुझ्याएवढाच." यावर तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मुंज आतां वाडींतच व्हावयाची आहे. विहिरीची भिंत दुरुस्त करून घ्यावी आणि पिंपळ राहूं द्यावा असें ठरलें आहे. नववें पान कोणीं वाढावें तें अद्याप ठरलेलें नाहीं. अमावास्येचा दिवा पारावर नेऊन ठेवण्याचें मात्र नातवानें कबूल केलें आहे, पण कोणीं तरी कंदील घेऊन विहिरीपर्यंत बरोबर यावें, या अटीवर.