कसलं दुकान?

शुक्रवार, रात्रीचे साडेआठ. कोथरूडमधलं आमच्या कोपऱ्यावरचं वाईन शॉप. समोर पंधरा-वीस पुरुष आणि एक मी!

झालं असं, की रूममेटचं प्रमोशन झालं होतं. पार्टी घरीच. बिर्याणी ऑर्डर झाली, केक आला, राहिली वाईन. एरवी हे डिपार्टमेंट ऑफिसमधल्या कुठल्यातरी मुलाकडे असतं. ‘ए, येताना घेऊन ये ना रे,’ असा मेसेज टाकला की काम फत्ते. त्या दिवशी नेमका एकही पठ्ठ्या फोन उचलेना. वय वर्षं सत्तावीस, पगार स्वतःचा, हाताखाली सहा जणांची टीम... आणि एक बाटली आणायला कुणीतरी दादा लागतो? स्वतःचाच राग आला. निघाले.

नाव वाईन शॉप, पण वाईन सोडून बाकी सगळं आधी दिसतं. लोक ‘क्वार्टर’, ‘हाफ’ एवढंच बोलतात, पैसे सरकवतात आणि गायब. निवडत कुणीच नाही. मी म्हटलं, ‘वाईन द्या.’

‘कुठली?’

इथेच माझी विकेट गेली. मागून कुणीतरी खाकरलं.

दुकानदार मात्र समजूतदार निघाला. ‘जेवायला काय आहे?’ बिर्याणी म्हटल्यावर त्याने शेनिन ब्लां सुचवली. जराशी गोडसर, तिखटाला सांभाळून घेणारी. मी शोकेसमधल्या बाटलीकडे बोट दाखवलं, तर म्हणाला, ‘ती नको ताई, दिवसभर उजेडात उभी आहे. आतली देतो.’ उजेड आणि उकाडा दोन्ही वाईनला बाधतात, हे तिथे कळलं. लेबलवरचं साल बघायचं. अशी साधी व्हाईट वाईन जितकी ताजी तितकी बरी. झाकण फिरकीचं असेल तर ऐनवेळी ओपनरसाठी शेजाऱ्यांची बेल वाजवावी लागत नाही.

लेबलवर गाव होतं नाशिक. म्हणजे माझंच! निफाडजवळ बाबांची बाग आहे, पण खायच्या द्राक्षांची. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि पुढे गारपिटीची धास्ती, यातच मी वाढले. सुलाची पहिली वाईन २००० साली आली, पुढे जिल्ह्यात कितीतरी वायनरी उभ्या राहिल्या. आमच्या घरात मात्र बाटली आली नाही. कारण धाकटे काका. ते वाईन पीत नसत, पण आईच्या लेखी सगळं एकच. काका गेले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते.

आपल्याकडे वाईन-बिअरला एकवीस वर्षं पूर्ण लागतात, बाकीच्या दारूला पंचवीस. शिवाय दारूचा परवाना असतो, एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा. आईचा परवाना कुठे मिळतो, ते कुठल्याच कायद्यात नाही.

आणि नेमका तेव्हाच तिचा फोन!

‘कुठेयस? गोंगाट कसला?’

‘दुकानात.’

‘कसलं दुकान?’

किराणा म्हणता आलं असतं. आजवरच्या प्रत्येक पार्टीला मी ‘ऑफिसमध्येच आहे’ म्हणत आले होते. ‘वाईनचं,’ म्हटलं.

शांतता. मग, ‘काकांचं विसरलीस?’

‘नाही गं. ते लपवायचे. म्हणून तर तुला खरं सांगितलं.’

पुन्हा शांतता. मग हळूच, ‘लायनीत बाया आहेत का अजून?’

वळून पाहिलं. अगदी शेवटी, गळ्यात आयडी कार्ड, एक मुलगी मोबाईलमध्ये डोकं खुपसून उभी. ‘आहे, एक.’

‘बरं. आधी पोटभर जेव. आणि घरी पोचलीस की मिस्ड कॉल दे.’

दुकानदाराने जुनं वर्तमानपत्र उचललं. ‘गुंडाळून देऊ?’

मी हो म्हटलं. आईचं झालं होतं, सोसायटीचे वॉचमनकाका अजून बाकी होते!