अढीच्या खोलीतला संगणक

ऐन हंगामात घरातले कोणी आजारी पडू नये, एवढेच मागणे आम्ही आंबेवाले देवाकडे मागतो. यंदा माणसे धडधाकट राहिली. आजारी पडला तो संगणक.

आमची बाग रत्नागिरीहून पावसला जाणाऱ्या वाटेवर आहे. कलमे मामंजींनी लावलेली. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांची नावे, पत्ते, कोणाला किती डझन, कोणाकडून किती येणे, हे सारे ते एका जाड वहीत लिहीत. ते गेले आणि पुढच्याच पावसाळ्यात त्या वहीला वाळवी लागली. उरलेली पाने पुढ्यात घेऊन मी सगळा मजकूर संगणकात उतरवला. कोणत्या दिवशी कोणते औषध फवारले, तीही नोंद त्यातच. निर्यातीसाठी बाग ‘मँगोनेट’वर नोंदवली की ही नोंद चोख ठेवावी लागते. घराची सगळी आठवण त्या एका पेटीत, आणि तिची दुसरी प्रत काही मी काढली नव्हती. आळस, दुसरे काय!

अक्षय्य तृतीयेला आठवडा उरला होता. दुपारी पत्ते छापायला बसले, तर वीस मिनिटांत संगणक खटकन बंद. पुन्हा लावला, दहा मिनिटांत बंद. तिसऱ्यांदा तर पाचच मिनिटे टिकला. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने न बघताच सांगितले, “वहिनी, जुना झालाय. नवा घ्या.” पेट्या, पेंढा आणि गड्यांची मजुरी भागवताना नव्याला पैसे कुठून आणायचे?

रात्री झोप लागेना. पडल्या पडल्या एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी लावला की तो बराच वेळ चालतो, दुपारी लगेच दमतो. पहाटे पाचला उठले, चुलीआधी संगणक लावला आणि पहिले काम केले ते सगळ्या नोंदी पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याचे. ते होईपर्यंत जीव मुठीत होता. झाले, तेव्हा कुठे चहा गोड लागला.

सकाळी भाचा आला. तो म्हणाला, “मामी, अंदाजाने बोलायला नको, आधी मोजूया.” मला ते पटले. निर्यातीचा आंबा ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवतात, तेव्हा काय पाण्यात बोट घालून अंदाज घेतात? तिथे तापमापक लागतो. संगणकाच्या पोटातही तसा तापमापक असतो. तो सुरू होताना ठरावीक कळ दाबली की बायोसचा पडदा उघडतो आणि त्यावर प्रोसेसरचे तापमान दिसते. आकडा ७० वरून चढत चढत ९५ वर गेला आणि यंत्र बंद पडले. त्या पडद्यावर कोणताही प्रोग्रॅम चालू नव्हता, तेव्हा व्हायरसचा संशय फिटला. घरातले दिवे स्थिर होते, म्हणून विजेच्या दाबावरही ठपका ठेवता येईना. प्रोसेसर फार तापला तर तो आधी आपली चाल मंद करतो, आणि तरीही भागले नाही तर जळू नये म्हणून यंत्रच बंद होते. म्हणजे ते बिचारे स्वतःला वाचवत होते.

प्लग काढून बाजूचे झाकण उघडले. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो. त्याला हीट सिंक म्हणतात. प्रोसेसरची धग तो ओढून घेतो आणि वरचा पंखा ती उडवून लावतो. आमच्याकडे त्या पात्यांच्या फटी पेंढ्याच्या भुशाने आणि जांभ्याच्या तांबड्या धुळीने अशा लिंपल्या होत्या की वारा शिरायला वाट नव्हती. मऊ कुंचल्याने सगळे झाडले. पंखा बोटाने धरून ठेवला, कारण फुंकर मारताना तो भरधाव फिरला तर बिघडतो. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामधला मलम, दुकानात ज्याला थर्मल पेस्ट म्हणतात, तो वाळून खडूसारखा झाला होता. जुना पुसून काढला आणि वाटाण्याएवढा नवा लावला. एसएमपीएसच्या डब्याला मात्र हात लावला नाही. प्लग काढला तरी त्यात काही वेळ वीज साठून राहते.

आकडा ६० वर आला. आम्ही खूश! पण दुपारी बघतो तर पुन्हा ८०. आता काय राहिले?

तेवढ्यात सासूबाई अढी परतायला आल्या. माझा उतरलेला चेहरा बघून म्हणाल्या, “अगो, इथे हात घालून बघ.” मी पेंढ्यात कोपरापर्यंत हात घातला. आत चांगलीच ऊब होती. झाडावरून उतरवलेला आंबाही श्वास घेत असतो आणि पिकताना धग सोडतो, हे मी दर वर्षी बघते. म्हणून तर आपण अढी फार जाड रचत नाही. त्या म्हणाल्या, “ह्या उबेत तुझा तो डबा भिंतीला टेकवून ठेवलायस. आंबा पिकेल, तो कसा निवेल?”

खरेच की! पंखा झाला तरी खोलीतलीच हवा फिरवणार. खोलीपेक्षा गार तो यंत्राला कसा करणार? त्याच संध्याकाळी टेबल पडवीत खिडकीशी नेले आणि संगणकाची पाठ भिंतीपासून वीतभर सोडली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आकडा ५५ च्या आसपास राहिला. पत्ते छापले गेले आणि पेट्या वेळेवर गाडीत चढल्या. खर्च आला तो मलमाच्या नळीपुरता.

आता शिमगा झाला की अढीची खोली झाडायच्या दिवशीच संगणकाचे झाकणही उघडायचे, असे ठरवले आहे. आणि एक नवी वही आणली आहे. दर रविवारी पेनड्राइव्हवर प्रत काढते आणि नव्या गिऱ्हाइकाचा पत्ता वहीतही लिहिते. सासूबाई ती वही कडुलिंबाचा पाला घालून कपाटात ठेवतात.