एका रात्रीचा मुक्काम

सुपेल्यातल्या त्या घरात आठवडाभर एकच वाद रंगला होता. रतनपूरला जायचे हे ठरले होते, पण एका दिवसात परतायचे की रात्री मुक्काम करायचा?

"पहाटे निघू, रात्री घरी. खोलीचा खर्च कशाला? सोमवारी मला पहिली पाळी आहे," त्याचे म्हणणे.

तिने कागदावर हिशेब मांडला. भिलाई पॉवर हाउसहून बिलासपूरपर्यंत रेल्वेचे तीन-साडेतीन तास, पुढे पंचवीस किलोमीटर बस. वाट पाहण्यासकट जाण्यायेण्यातच नऊ-दहा तास. उरलेल्या वेळात महामायेचे देऊळ, जुना किल्ला, तळी आणि रामटेकडी. शिवाय बरोबर पंचाहत्तरीच्या, गुडघेदुखीने बेजार सासूबाई.

सासूबाईंना खरी ओढ होती ती रामटेकडीची. त्यांचे माहेर नागपूरजवळचे रामटेक. लग्न होऊन भिलाईला आल्या आणि इथल्याच झाल्या. रतनपूर ही कलचुरी राजांची जुनी राजधानी. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंतांबरोबर इथे आली. १७५८पासून बिंबाजी भोसल्यांनी इथूनच छत्तीसगडचा कारभार पाहिला आणि टेकडीवर रामाचे देऊळ बांधले. १८१८नंतर इंग्रजांनी कारभार रायपूरला नेला आणि रतनपूर मागे पडले. रामटेकपासून दूर आलेल्या मराठी माणसांनी इथेही टेकडीवर राम बसवला, याचे सासूबाईंना कोण अप्रूप!

"अहो, एका दिवसात काय होईल सांगू?" एका रात्री ती म्हणाली. "टेकडीपाशी पोहोचेपर्यंत ऊन चढेल, परतीच्या गाडीची घाई असेल. मग तुम्हीच म्हणाल, आई, तू खालीच बस, आम्ही पटकन वर जाऊन येतो."

तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सोमवारची रजा टाकून आला.

शनिवारी दुपारी निघायचे त्यांनी टाळले. रविवारी सकाळी आरामात निघाले. संध्याकाळी महामायेचे दर्शन झाले. मग तिघे तळ्याकाठी बसली. स्वयंपाकाची घाई नाही, कुकरच्या शिट्ट्या नाहीत. सासूबाई माहेरच्या गोष्टी सांगत होत्या. कित्येक त्याने पहिल्यांदाच ऐकल्या.

सोमवारी ऊन तापण्यापूर्वी ती टेकडी चढू लागली. दहा पावले चालायचे, थांबायचे. सासूबाईंचा एक हात मुलाच्या खांद्यावर, दुसरा सुनेच्या हातात. दर्शन घेऊन त्या कठड्याशी टेकल्या. "आमच्या रामटेकएवढी उंच नाही गं," त्या म्हणाल्या, "पण वारा अगदी तसाच!"

किल्ला नीट पाहायचा राहूनच गेला. त्याची हळहळ कुणालाच वाटली नाही.

सहल ठरवताना किती ठिकाणे पाहून होतील, हे आपण आधी मोजतो. त्याआधी आपल्यात सगळ्यांत हळू कोण चालते, एवढे पाहिले, तर मुक्कामाचा प्रश्न बहुधा आपोआप सुटतो.