टीपॉय सरकवून केलेली आसनं

२००३-०४च्या सुमारास आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत पहाटे टीव्ही लागू लागला. तोवर सकाळ रेडिओची असायची. 'आस्था' वाहिनीवर रामदेवबाबांची शिबिरं दिसायला लागली आणि चाळीत काय, ब्लॉकमध्ये काय, उजाडायच्या आत घराघरांतून कपालभातीचे श्वास ऐकू येऊ लागले.

हे श्वास आपल्या आयांच्या पिढीचे. महाराष्ट्रात योग शिकायच्या जागा काही कमी नव्हत्या. कुवलयानंदांनी लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं होतं, औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला होता, पुण्यात अय्यंगार गुरुजींची संस्था १९७५ पासून होती, ठाण्यात घंटाळी मित्र मंडळाचे वर्ग भरत. पण सकाळच्या वर्गाला जायचं तर डबे कोण भरणार? नळाला पाणी त्याच वेळेला. सासूबाईंचा चहा, मुलांच्या वेण्या. वर्ग दोन गल्ल्या पलीकडे असला तरी या बायकांना तो लांबच होता.

पुस्तकं होती. कित्येक कपाटांत अय्यंगारांची 'योगदीपिका' असायची. जमिनीवर उघडं ठेवलेलं पुस्तक मिटू नये म्हणून त्यावर वरवंटा ठेवलेला आठवतो. पण फोटोत दिसते ती आसनाची अखेरची स्थिती. तिथवर पोचायचं कसं, श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा, हे वाचायला मान वळवावी तर आसनच मोडायचं. दूरदर्शनवर पूर्वी धीरेंद्र ब्रह्मचारी आसनं दाखवायचे, पण ते आपण बघायचो, करायचो नाही.

मग व्हीसीडी आल्या. एका सीडीत जेमतेम सव्वा तास मावायचा, म्हणून आसनं एकीत आणि प्राणायाम दुसरीत. टीपॉय भिंतीला सरकवायचा, सतरंजी अंथरायची, वर जुनी चादर. साडीचा काचा मारूनही हलासन काही धड होईना. पुष्कळ घरांत आईने आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला तो या आसनांसाठी. पहिल्या दिवशी ओढणी नीट करत ती हॉलमध्ये आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा संकोच आणि आजीचं काही न बोलता पेपरात डोकं घालणं, दोन्ही आपण पाहिलंय.

पडद्यावरचा शिक्षक आपल्याकडे तोंड करून उभा. त्याने उजवा हात उचलला की आईचा डावा वर जायचा. पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याकडे गेलं की पडदा दिसेनासा व्हायचा, मग नुसत्या आवाजावर चालायचं. शिक्षकाला आई दिसतच नव्हती, म्हणून तिच्यावर नजर ठेवायचं काम घराने घेतलं. बुटाची नाडी बांधता बांधता आपण म्हणायचो, "आई, गुडघा वाकलाय गं." बाबा रिमोट घेऊन बसायचे आणि अवघड जागी चित्र थांबवून धरायचे. "अहो, जरा मागे घ्या, पाय कुठून आणला ते दिसलंच नाही." एकाच ताणाला तीन-तीनदा मागे जाणं व्हायचं. मानेचं दुखणं असताना सर्वांगासन करणं, रक्तदाब असताना जोरजोरात कपालभाती करणं, असले प्रकारही झाले. नजरेसमोरच्या शिक्षकाची जागा व्हीसीडीला घेता येत नाही, हे मला आजही पुरेपूर मान्य आहे.

तरीही त्या व्हीसीडीचे उपकार मोठे आहेत. टीव्ही चालू असेपर्यंत आईला हाक मारायची नाही, असा नियम घरात आपोआप झाला. दूधवाल्याला बाबांनी दार उघडायचं, कुकरच्या शिट्ट्या आपण मोजायच्या. लग्न झाल्यापासून जिने स्वतःसाठी कधी सलग बसून घेतलं नव्हतं, तिला रोजचा अर्धा तास मिळाला, आणि तो तिला कुणाकडे मागावा लागला नाही. मला तरी आसनांच्या फायद्यांहून ही गोष्ट मोठी वाटते.

पुढे भारनियमनाची वर्षं आली. लहान गावांत भल्या पहाटेच वीज जायची. तोवर क्रम तोंडपाठ झाला होता. अंधारात सतरंजीवर बसून आई स्वतःच सूचना म्हणायची, तीही पडद्यावरच्यासारख्या हिंदीत, "सांस भरते हुए". शेजारच्या काकू दार ढकलून आत यायच्या आणि तिच्या आवाजावर तेच करायच्या. अशा कितीतरी घरांतल्या हॉलचा हळूहळू वर्गच झाला.

२१ जून २०१५ला पहिला आंतरराष्ट्रीय योग दिन आला तेव्हा सोसायट्यांच्या गच्चीवर, शाळांच्या पटांगणात सतरंज्या पडल्या. तरुण मंडळी मोबाइलवर आसनांची नावं शोधत होती. पुढच्या रांगेत याच बायका होत्या, पंजाबी ड्रेसमध्ये, आणि मागच्यांना सांगत होत्या, "आधी श्वास सोडा, मग वाका. घाई नको."